बार्बेडोसला एकच दिवस: कुठला किनारा गाठावा?

केळफूल

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय.

डिसेंबरच्या सुट्टीत प्वेर्तो रिकोच्या सॅन हुआनहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ घेतली आहे. बाकीच्या बेटांचं कसंबसं ठरलं, बार्बेडोसवर गाडी अडली. जहाज सकाळी ८ ला ब्रिजटाउनला लागतं आणि ५ ला सुटतं, म्हणजे साडेचारच्या आत परत चढायचं. हातात सात तास धरा.

माणसं पाच. मी, नवरा, सहा वर्षांचे चिरंजीव आणि डोंबिवलीहून आलेले माझे आईबाबा. प्रत्येकाची फर्माईश वेगळी. चिरंजिवांना समुद्रात जिवंत कासव बघायचंय. नवऱ्याला आडवं पडायचंय. बाबा (वय ७३) म्हणतात, समुद्र वगैरे तुम्ही बघा, मला केन्सिंग्टन ओव्हल क्रिकेट मैदानावर सोडा. आणि आई म्हणते, "माझं काही नाही गं, तुमचं ठरवा." हे सगळ्यात अवघड. तिचे गुडघे दुखतात, वाळूत चालताना पाय रुतला की कळ येते, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. बाबा मासे खातात.

नेटवर वाचलं की रोज नवीन किनारा सापडतो. कार्लाइल बे, पेन्स बे, मलिन्स, क्रेन, बाथशेबा. कुणी गेलंय का? एक ठरवून द्या, उपकार होतील.

बोंबील_फ्राय

कार्लाइल बे. विषय संपला.

केळफूल

@बोंबील_फ्राय, अहो कारण तरी सांगा!

रानवाट

ताई, बार्बेडोससारखं बेट बघायला मिळतंय आणि एका किनाऱ्यावर पडून राहणार? जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद बेट आहे हो. आम्ही टॅक्सी करून सकाळी हॅरिसन्स केव्ह केली, तिथून पूर्वेला बाथशेबा, उत्तरेच्या टोकाला अ‍ॅनिमल फ्लॉवर केव्ह, आणि येताना पश्चिम किनाऱ्याने हळूहळू खाली. एका दिवसात सगळं होतं. बाथशेबाचे ते समुद्रात उभे असलेले खडक बघाच. अटलांटिक काय चीज आहे ते तिथे कळतं.

बोंबील_फ्राय

रानवाट, तुमच्या गाडीत सहा वर्षांचं पोर आणि गुडघे होते का? रस्ते अरुंद, वळणावळणाचे, उसाच्या शेतांमधून जाणारे. नकाशावर ३४ किलोमीटर म्हणजे व्हीटी-ठाणे वाटतं, प्रत्यक्षात प्रत्येक टेकाडाला पोटातलं ढवळतं. आणि बाथशेबाला पोहायचं नसतं, प्रवाह ओढून नेतो. म्हणजे तासभर गाडीत बसून जायचं, फोटो काढायचा, परत तासभर गाडीत. कासव कुठाय यात?

केळफूल, कारणं घ्या. कार्लाइल बे बंदरापासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यात, त्यामुळे अटलांटिकच्या लाटा तिथवर पोचतच नाहीत. तळाशी वाळू, खडक नाहीत. खाडीत सहा बुडालेली जहाजं आहेत, त्यातली काही इतकी वर की नुसता चश्मा लावून पाण्यावर तरंगलात तरी दिसतात. बर्विन नावाची फ्रेंच टग (जहाजं ओढणारी बोट) १९१९ पासून तिथे बसलीय. आणि त्या भागात कासवं येतातच. हिरवी कासवं आणि हॉक्सबिल, दोन्ही.

परत यायला दहा मिनिटं लागतात ही सगळ्यात मोठी गोष्ट. क्रूझच्या दिवशी किनारा सुंदर किती ते बघायचं नसतं, जवळ किती ते बघायचं असतं.

रानवाट

असो. ज्याची त्याची आवड. मी गुहा बघितली, मला पश्चात्ताप नाही.

कागदी_वाघ

किनारा नंतर ठरवा, आधी कागद बघा. आईबाबांचा बी-२ (पर्यटक) व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का? व्हिसावर 'एम' लिहिलेलं असतं. सॅन हुआन अमेरिकेतच, त्यामुळे तिथे उडताना देशांतर्गत विमान, पण जहाज बार्बेडोसला टेकलं की तुम्ही देश सोडलात. परत येताना नव्याने प्रवेश. भारतीय पासपोर्टला बार्बेडोसचा व्हिसा लागत नाही, पण वाटेत फ्रेंच बेट असेल तर क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं 'इट्स ओके मॅम' चालत नाही.

आणि तुमचं दोघांचं काय स्टेटस?

केळफूल

माझं ग्रीन कार्ड झालंय... नाही, चुकले, माझं आणि त्याचं दोघांचं एच-१बी. (ग्रीन कार्ड स्वप्नात झालं होतं बहुतेक.) माझा पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प आहे २०२७ पर्यंत. त्याचा मार्चमध्ये संपला, पण नवीन आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आलंय. मेक्सिकोला मैत्रीण अशीच जाऊन आली, काही अडलं नाही.

कागदी_वाघ

थांबा थांबा. ती मेक्सिकोला गेली म्हणून चाललं. संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, तीही तीस दिवसांच्या आतल्या फेरीला. जवळच्या बेटांना ती सवलत एफ आणि जे (विद्यार्थी वगैरे) व्हिसावाल्यांना मिळते, एचला नाही. तुमचे यजमान बार्बेडोसला उतरले तर परत यायला चालू स्टॅम्प हवा. नाहीतर जहाजावर चढतानाच अडवतील, आणि तेही बरं म्हणायचं.

केळफूल

पोटात गोळा आला. बरं झालं धागा काढला. तो नोव्हेंबरमध्ये पुण्याला दिराच्या लग्नाला जाणारच आहे, तेव्हाच स्टॅम्पिंग करून घ्यायला सांगते. आत्ता शेजारी बसून तारखा बघतोय. चेहरा बघण्यासारखा आहे.

लिंबूटिंबू_७१

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. माणूस दर्दी आहे.

केन्सिंग्टन ओव्हल म्हणजे नुसतं मैदान नव्हे. १९६२ साली इथे बार्बेडोसविरुद्धच्या सामन्यात आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला ग्रिफिथचा चेंडू लागला. कवटी फुटली. जीव वाचवायला रक्त लागलं तेव्हा वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल स्वतः पुढे झाला, आपल्यातले उम्रीगर, बोर्डे, नाडकर्णी यांनीही दिलं. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळला नाही. पुढच्या कसोटीत, इथेच, एकवीस वर्षांच्या पतौडीकडे कर्णधारपद आलं.

मग १९७१. आपला मडगावचा दिलीप सरदेसाई. भारत ६ बाद ७० असताना त्याने १५० काढले आणि समोर एकनाथ सोलकर ६५ करून उभा. सातव्या विकेटला १८६. दुसऱ्या डावात गावसकर नाबाद ११७. मी तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या दिवशीचा पेपर वाचनालयात आधी कुणी बळकावायचा यावरून मारामाऱ्या.

मैदान बंदरापासून दीड-दोन किलोमीटरवर, शहराच्या वाटेवरच फाँटाबेलला. बाहेर बार्बेडोसच्या गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. सामना नसेल तर आत सोडतीलच असं नाही, पण पुतळ्यापाशी तरी न्या त्यांना.

बोंबील_फ्राय

काका, २९ जून २०२४, टी-२० विश्वचषकाची फायनल विसरलात! सूर्याचा कॅच! रोहितने खेळपट्टीवरचं गवत खाल्लं ते हेच मैदान.

लिंबूटिंबू_७१

विसरलो नाही हो. तुमच्यासाठी ठेवलं होतं.

हळदीचं_पान

मी लग्न होऊन दोन वर्षं ब्रिजटाउनमध्ये होते (नवरा हॉटेलच्या धंद्यात), म्हणून खाण्याचं मी सांगते. आईंची काळजी करू नका, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, 'व्हेजिटेरियन' म्हटलं की मासे चालतात असं तिथे बऱ्याच जणांना वाटतं. 'नो मीट, नो फिश, नो चिकन' असं सगळं मोजून सांगायचं. दोन, 'राइस अँड पीज' दिसायला एकदम आपला भात वाटतो. त्यातले पीज म्हणजे चक्क तुरीचे दाणे, पण शिजवताना बऱ्याचदा खारवलेल्या डुकराचं मांस टाकतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

बिनधास्त काय खायचं? मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीची वडी. रताळं, तळलेली राजेळीसारखी केळी, आणि ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. बटाटा-चण्याची रोटी मिळते, ती मूळची त्रिनिदादची. आपल्या भय्ये-बिहारी लोकांनी १८४५ पासून तिकडे नेलेली पुरी-भाजी फिरत फिरत इथे आलीय. रास्ताफारी लोकांच्या 'आयटल' खानावळी असतील तर डोळे मिटून जा, मांसाचा प्रश्नच नाही. मीठ मात्र कमी, आईंना लोणच्याची पुडी देऊन ठेवा.

आणि हे मुख्य. रस्त्यावर बायका छोट्या पिशव्यांतून 'टॅमरिंड बॉल्स' विकतात. चिंच आणि साखरेचे गोळे, आत चिंचोका तसाच. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी रस्त्यात उभी राहून रडले होते, खोटं नाही सांगत. आणि 'शुगर केक' म्हणजे आपली नारळाची वडी, गुलाबी रंगाचीसुद्धा. नोव्हेंबरात, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'काँकी' करतात: मक्याचं पीठ, भोपळा, खोबरं, मनुका, केळीच्या पानात गुंडाळून वाफवायचं. मला ते बघून पातोळ्या आठवायच्या. डिसेंबरात मिळाली तर नशीब.

नळाचं पाणी पिण्यालायक आहे. बहुतेक बेट प्रवाळाच्या चुनखडीचं, त्यातून गाळून येतं. बाटल्या विकत घेऊ नका.

रानवाट

'भय्ये-बिहारी' हा शब्द खटकला. बाकी प्रतिसाद छान.

हळदीचं_पान

मान्य. 'बिहार-उत्तर प्रदेशातून गेलेले गिरमिटिये' वाचावं.

दर्यावर्दी

घड्याळ सांभाळा. आमच्या वेळी निघालो तिथली वेळ आणि बेटाची वेळ यात एक तासाचा फरक होता. जहाज बेटाच्या वेळेवर, आमचं घड्याळ बदलायचं राहिलं, आम्ही निवांत शहाळं पीत बसलो. धक्क्यावर पोचलो तेव्हा शिडी काढायला लागले होते. बायको अजून ऐकवते.

कागदी_वाघ

दर्यावर्दी, तुम्ही फ्लोरिडातून गेला असाल. हिवाळ्यात तिथलं घड्याळ बार्बेडोसच्या एक तास मागे असतं. केळफूल सॅन हुआनहून जाताहेत. प्वेर्तो रिको आणि बार्बेडोसची वेळ एकच, दोन्हीकडे उन्हाळी वेळेचा खेळ नाही. तरी जहाजावर कुठली वेळ पाळतात ते एकदा बघून घ्या.

दर्यावर्दी

हो, मायामीहून गेलो होतो. हे बायकोला वाचून दाखवतो, चूक मायामीची होती.

सागरगोटा

तीन गोष्टी, पोर बरोबर आहे म्हणून.

मँचिनील नावाचं झाड असतं किनाऱ्यावर. हिरव्या बोराएवढ्या सफरचंदासारखी फळं, खाली पडलेली. हात लावायचा नाही, तोंडात तर नाहीच. चीक लागला की बिब्बा उततो तसे फोड येतात. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलात तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही भाजतं. बऱ्याच ठिकाणी खोडाला लाल पट्टा मारलेला असतो, पण सगळीकडे नाही. मुलाला आधीच सांगा: पडलेलं काही उचलायचं नाही.

दुसरं, लष्करी छापाचे कपडे. बार्बेडोसमध्ये सामान्य माणसाला घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. टोपी, चड्डी, पाठपिशवी सगळं तपासा.

तिसरं, ऊन. बेट १३ अंश उत्तरेला, म्हणजे आपल्या चेन्नईच्या रेषेत. पण सतत वारा असतो, त्यामुळे चटका जाणवत नाही. संध्याकाळी जाणवतो.

केळफूल

@सागरगोटा, लष्करी छापाची चड्डी आहेच! आजीनेच डोंबिवलीहून आणलेली, तो ती अंगावरून काढत नाही. घरात युद्ध होणार.

बरं, कॅटमरान सफर घ्यावी का? बंदरातूनच निघतात म्हणे, कासव, बुडालेलं जहाज, जेवण सगळं त्यात.

बोंबील_फ्राय

तुम्ही तिघंच असता तर हो म्हटलं असतं. पाण्यात उतरायला शिडी असते, वर चढताना गुडघ्यावर सगळा भार येतो. आई डेकवर बसून राहतील आणि बाबा ओव्हलच्या नावाने बोटं मोडतील. कार्लाइल बेवरच काचेच्या तळाच्या होड्या मिळतात, त्यात आई कोरड्या बसून कासव बघतील. मालवणला बसला असाल तर साधारण तसंच, पाणी मात्र डोळे दिपवणारं स्वच्छ.

गोगलगाय

टॅक्सीचं: मीटर नसतात, दर ठरलेले. बसण्याआधी भाडं विचारा आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा, "कुठले डॉलर?" बार्बेडोसचे दोन म्हणजे अमेरिकेचा एक, १९७५ पासून हेच. सगळीकडे दोन्ही चालतात, म्हणून घोळ होतो. खुर्च्यांचंही तसंच.

हौस असेल तर परतताना झेडआर व्हॅन (तिथली शेअर गाडी) घ्या. पांढरी, तांबडा पट्टा, साडेतीन बार्बेडोस डॉलर, आत संगीत इतकं जोरात की दातांत झिणझिण्या. आईबाबांना नको.

पाणमांजर

पेबल्स बीचवर (कार्लाइल बेचाच दक्षिणेकडचा भाग) पहाटे शर्यतीचे घोडे समुद्रात आंघोळीला आणतात, गॅरिसन रेसकोर्सच्या तबेल्यातून. साडेपाच-सहाला. तुम्ही आठला पोचणार म्हणजे नाही दिसायचे, उगाच जळवायला सांगतोय.

केळफूल

@पाणमांजर, आभारी आहे हं.

ठरलं मग. पावणेनऊला टॅक्सी, ओव्हलपाशी वीस मिनिटं, साडेनऊपर्यंत कार्लाइल बे, अडीचला उठायचं, वाटेत चिंचेचे गोळे. बाकी काही नाही. रानवाट, पुढच्या वेळी तुमची गुहा नक्की. सगळ्यांचे आभार, परत येऊन वृत्तांत टाकते.

लिंबूटिंबू_७१

वीस मिनिटं?? वडिलांना वीस मिनिटं?

---

केळफूल

धागा वर काढतेय. आलो परत, सगळे शाबूत. उशीर झाला, ऑफिसने डोकं वर काढू दिलं नाही.

आधी कागदी_वाघ यांना साष्टांग. नवऱ्याचा स्टॅम्प पुण्याच्या वारीत झाला. जहाजावर चढताना काउंटरवरच्या बाईने नेमकं तेच पान उघडून बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

लष्करी चड्डी घरीच राहिली. "तिकडे पोलीस पकडतात" असं आजीने सांगितल्यावर उलट त्याला ती घालायचीच होती. शेवटी ती धुवायला टाकली.

उतरायला पावणेनऊ ठरले होते, प्रत्यक्षात सव्वानऊ झाले. त्या दिवशी धक्क्याला आणखी तीन जहाजं होती, गर्दी लालबागची. टॅक्सीवाले साठीचे गृहस्थ. बाबांनी "केन्सिंग्टन ओव्हल" म्हटलं आणि त्यांनी आरशातून मागे बघून विचारलं, "इंडिया?" झालं. पुढचा सगळा रस्ता दोघंच बोलत होते. बाबांचं इंग्रजी एरवी बँकेपुरतं. तिथे गार्नर, मार्शल, होल्डिंग अशी नुसती नावं टाकत होते आणि गाडी चालू होती. होल्डिंग जमैकाचा, आमचा नाही, असं टॅक्सीवाल्यांनी मध्येच सुनावलं.

पुतळ्यापाशी फोटो झाला. फाटक बंद. आत गवत कापणारं यंत्र फिरत होतं, त्याचा वास बाहेरपर्यंत. पहारेकरी तरुण मुलगा. बाबांनी त्याला काही विनवलं नाही, नुसते गजांना धरून उभे राहिले. दोन मिनिटांनी त्यानेच फाटक हातभर उघडलं आणि म्हणाला, इथेच उभे राहा, आत नाही. बाबांना विचारायचं होतं सूर्याने झेल कुठे घेतला. पहारेकऱ्याने एका बाजूला बोट दाखवलं, टॅक्सीवाल्यांनी बरोबर उलट बाजूला, आणि दोघांचं तिथल्या बाजन बोलीत असं भांडण जुंपलं की आम्हाला एक अक्षर कळलं नाही. बाबांनी दोन्ही बाजूंचे फोटो काढले. लिंबूटिंबू काका, वीस नाही, पन्नास मिनिटं लागली.

कार्लाइल बेला पोचेपर्यंत साडेदहा. गोगलगाय यांचा दुसरा प्रश्न इथे कामी आला. छत्रीवाल्याने दोन खुर्च्या नि छत्रीचे "फॉर्टी" म्हटलं, नवरा पाकीट काढायला लागला, मी विचारलं कुठले. बार्बेडोसचे. म्हणजे वीस.

आता आई. छत्री पाण्यापासून पाच-सहा पावलांवर घेतली, तेवढं अंतर ती माझ्या खांद्यावर हात ठेवून आली. लाटा कसल्या, ताटातलं पाणी हलावं तेवढंच. खुर्ची पाण्यात ओढू दे का असं छत्रीवाल्यालाच विचारलं, तो हसला आणि स्वतः उचलून घोटाभर पाण्यात नेऊन ठेवली. आई बसली. पंजाबी ड्रेसची सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, पायांची बोटं वाळूत खुपसली. तिचं माहेर गुहागरचं. समुद्राच्या काठी वाढलेली बाई, पण "मुलींनी पाण्यात जायचं नाही" म्हणून घोट्याच्या वर कधी भिजली नाही. मध्येच ओरडली, "अगं, नखं दिसताहेत!" गुहागरला पाण्यात पाय घातला की दिसेनासा व्हायचा म्हणे. दीड तास ती तिथून हलली नाही. मी नारळपाणी नेऊन दिलं तर म्हणाली, थांब, इथे एक मासा सारखा येतोय.

काचेच्या होडीत मात्र आली नाही. चढायला पायरी उंच होती, बोंबील_फ्राय यांचा अंदाज तेवढा चुकला. चिरंजीव, नवरा आणि मी गेलो. पहिली दहा मिनिटं काहीच नाही, नुसता बुडालेल्या जहाजाचा गंजका सांगाडा आणि त्यात पिवळे-काळे मासे. पोरगं कंटाळलं, तोंड वाकडं करायच्या बेतात होतं. तेवढ्यात काचेखालून एक कासव सरकलं. इतकं सावकाश, जसं काही आपल्याच अंगणातून चाललंय. मग वर आलं, होडीपासून हातभर अंतरावर डोकं बाहेर काढलं, 'फुस्' करून श्वास घेतला आणि गेलं. होडीवाल्याने आधीच बजावलं होतं, हात लावायचा नाही, खायला टाकायचं नाही. पोराने दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले होते.

येऊन आजीला सांगितलं. तिने विचारलं, "पाठीवर पर्वत होता का?" तो म्हणाला नव्हता. "मग दुसरं असेल."

जेवणाला मॅकरोनी पाय. राइस अँड पीजमध्ये काय आहे ते विचारलं, 'पिगटेल' उत्तर आलं, हळदीचं_पान यांच्या नावाने जप केला. बाबांनी उडत्या माशाचं सँडविच खाल्लं, सुरमईची सर नाही म्हणाले आणि दुसरं मागवलं.

पाठ भाजली ती नवऱ्याची. "वारा आहे, ऊन कुठाय" म्हणत क्रीम लावलं नाही आणि पालथा झोपला. रात्री शर्ट घालता येईना. पुढचे दोन दिवस जहाजावर ताक शोधत होतो पाठीला लावायला, शेवटी साध्या दह्यावर भागवलं.

मँचिनील बघितलं, लाल पट्ट्यासकट. पोराने ते झाड लांबूनच दाखवत एका अमेरिकन बाईला सविस्तर माहिती दिली.

लिंबूटिंबू_७१

दोन्ही बाजूंचे फोटो काढले, हे फार आवडलं. वडिलांना विचारा, सोलकरबद्दल टॅक्सीवाले काही बोलले का?

केळफूल

@लिंबूटिंबू_७१, विचारलं. त्यांना सोलकर आठवत नव्हता, "सार्डी-मॅन" म्हणजे सरदेसाई मात्र वडिलांकडून ऐकलेला. बाबांनी मग सोलकर त्यांना समजावून सांगितला, शॉर्ट लेगला उभं राहून दाखवला, टॅक्सीच्या बाजूला, रस्त्यावर.

आणि एक. बाबांनी ओव्हलचा फोटो डोंबिवलीच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं जोशीकाकांचं: "१९९७ ला १२० करायचे होते, ८१ ला आउट झालो, तेच ना हे?" बाबा अजून त्यांच्याशी बोललेले नाहीत.

सागरगोटा

वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात ते दाखवा चिरंजिवांना पुढच्या भारतवारीत. मार्चच्या आसपास. आजीचं माहेर गुहागर, तिथून फार लांब नाही.

हळदीचं_पान

चिंचेचे गोळे?? ते राहिलंच लिहायचं!

केळफूल

मिळाले! बंदराच्या वाटेवर एक बाई स्टूल टाकून बसल्या होत्या. आईने एक तोंडात टाकला, चिंचोका जिभेवर घोळवत राहिली, मग त्या बाईंना मराठीत म्हणाली, "मीठ थोडं हवं होतं." त्या बाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या पिशवीतला काढून दिला, तो तिखट. दहा पिशव्या घेतल्या. नऊ जहाजावरच संपल्या, दहावी आईने रुमालात बांधून ठेवलीय.

गोगलगाय

दहावी डोंबिवलीला पोचणार नाही. माझा अंदाज.